मकरेचा दगड

आमच्या घरात कॅलेंडर नव्हतं. मोहाडीचा किराणा दुकानदार दिवाळीच्या सुमारास प्रत्येक गिऱ्हाइकाला लक्ष्मीचं चित्र असलेलं एक फुकट द्यायचा. बाबूजी ते नाकारायचे नाहीत, नीट गुंडाळी करून घरी आणायचे. मग माय त्यातली लक्ष्मी कापून भिंतीला चिकटवायची आणि तारखांचे कागद डब्यांच्या तळाशी अंथरायची. बारा महिने आमच्या अंगणात पुरलेले होते, ते भिंतीला कशाला टांगायचे, अशी घरची समजूत. शाळेत पहिल्यांदा कुणीतरी मला तारीख विचारली तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "तुळेच्या दगडापासून नववा दिवस." वर्ग खो खो हसला. मला त्यांच्या हसण्याचं नवल वाटलं, कारण नववा दिवस अगदी बरोबर होता.

हा नेम माझ्या आज्याचा. गावाच्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर कधीकाळी एक साधू चातुर्मासभर मुक्कामाला होता, तो जाताना आज्याला देऊन गेला म्हणे. सूर्यनारायण हा एकच देव, त्याची चाल हेच पंचांग, आणि त्याच्या बारा संक्रांती हेच बारा सण. दिवाळी, पोळा आम्ही गावाबरोबर करायचो, लोकांना तोंड दाखवायचं असतं, पण घरचे खरे दिवस ते बारा. त्यासाठी आज्यानं अंगणाच्या मधोमध दहा फुटी खांब उभा केला होता, बीजा झाडाच्या लाकडाचा, डांबर फासलेला, डोक्यावर लोखंडी टोपण. खांबापासून उत्तरेकडे एका सरळ रेषेत दगड पुरलेले. भर दुपारी खांबाची सावली त्या रेषेवर नीट निजली की माध्यान्ह झाला, आणि त्या घडीला सावलीचं टोक ज्या राशीच्या दगडावर, त्या राशीची संक्रांत. उन्हाळ्यात सावली आखडत खांबाच्या पायाशी येते. आमच्या भागात तर मृगाच्या आधी एक दुपार अशी येते की खांबाला सावलीच राहत नाही, आणि पुढे काही दिवस ती उलटी दक्षिणेला पडते. म्हणून एक दगड बिचारा खांबाच्या पल्याड एकटाच होता. हिवाळ्यात मात्र सावली लांबत लांबत पार गोठ्याच्या कुडापर्यंत जायची. पावसाळ्यात ढग असले की बाबूजी दिवस बोटांवर मोजायचे आणि म्हणायचे, "देव आत्ता मामाच्या घरी गेला हाय."

संक्रांतीच्या दिवशी सावली लागेपर्यंत घरात कुणी अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. माय पहाटेपासून चुलीपाशी. तांदळाच्या पिठाचे धिरड्यांसारखे आयते, लाखोळीच्या डाळीचे वडे, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची चिंच घातलेली भाजी, नव्या तांदळाची खीर. तेलात वडा पडला की होणारा तो आवाज आणि पोटात कोकलणारे कावळे, दोन्ही मला एकदमच आठवतात. बाबूजी दगडापाशी उकिडवे बसायचे. टोक दगडाच्या मधल्या खुणेला भिडलं की तिथेच तांदळाचे पाच दाणे ठेवायचे आणि ओरडायचे, "लागली!" मग जेवणं. दगडांची रेषा कुणी ओलांडायची नाही, हा दुसरा नेम. आम्ही सगळे, अगदी आलेगेलेसुद्धा, गोठ्यात जायचं तर खांबाला वळसा घालून जायचो. कोंबड्यांना तेवढा हा नेम कधी समजला नाही.

सगळ्या दगडांत एकालाच शेंदूर होता, मकरेच्या. माझा आजा त्याच दगडाशेजारी, मकरसंक्रांतीच्या माध्यान्ही, उन्हात घोंगड्यावर पडल्या पडल्या गेला. उत्तरायण लागताना गेला, म्हणजे परत येण्याची कटकट सुटली, असं सगळ्या गावानं म्हटलं. बाबूजी तेव्हा विशीचे होते. ते मरण त्यांनी जवळून पाहिलं आणि मनात असं जपून ठेवलं की जणू वडिलांनी शेतापेक्षा मोठी वस्तू मागे ठेवली होती. मला वाटतं, लोक जगण्याचा हेवा करतात तसा ते त्या मरणाचा हेवा करायचे.

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी धान कापणीला आलं आणि बाबूजी खाटेला लागले. मोहाडीच्या डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगितला. एकवीस दिवस म्हणता म्हणता महिना उलटला. चाळिशीच्या आतला, दोन पोती एकदम उचलणारा माणूस, पण कुशीवर वळवायलाही दोघं लागायची. माय दिवसभर बांधीत, धानाच्या शेतात, कारण पिकलेलं धान कुणाच्या तापासाठी थांबत नाही. माझी शाळा बंद करून मला त्यांच्यापाशी बसवलं. खळ्यावरून धान तुडवणाऱ्या चुरणीच्या बैलांच्या घंट्या ऐकू यायच्या, शेजारच्या घरातून धान कांडायच्या ढेकीचा धप धप आवाज यायचा, आणि बाबूजी मध्येच डोळे उघडून विचारायचे, "सावली कोठवर आली वो बाई?" कारण आता दुपारी खांबापाशी बसायचं कामही माझंच होतं. आधी ते रोजचं पाहणं बाबूजी एकटेच करायचे, आम्हाला फक्त सणाच्या दिवशी हाक असायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

पुढे मी परिचारिका झाले, तीस वर्षं वॉर्डात काढली, असे ताप पुष्कळ पाहिले. महिनाभराच्या तापात माणसाचे दिवस आणि रात्री एकमेकांत मिसळतात, हे आता मला चांगलं ठाऊक आहे. बाबूजींचंही तेच झालं होतं. दोनदा झोपून उठले की त्यांना वाटायचं आठवडा गेला.

त्या तापातच त्यांनी देवाला बोली केली. मला हे नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, कारण लपवून ठेवून गोष्ट रंगवण्याची मला हौस नाही. ते मायला म्हणाले होते, "मी वाचत नाही आता. पण दक्षिणायनात नेऊ नको म्हणून देवाले मागतलं हाय. येवढे दिवस दे म्हणलं. मकरेच्या दगडाले सावली लागली का मी आपल्या मनानं येतो, तुले बोलवा लागणार नाही, असं म्हणलं देवाले. त्या टायमाले मले पाणी पाजू नको, औषध देऊ नको. बाबा गेले तसा जाऊ दे."  मायला वाटलं, मकर अजून दूर आहे, तोवर ताप उतरेल आणि हे बोलणंही उतरेल.

आणि मग तो दिवस. विंचवाची, म्हणजे वृश्चिकेची संक्रांत होऊन पंधरवडाही झाला नसेल. दुपारची मी रेषेपाशी बसले होते, मांडीवर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलायला घेतलेल्या. सावली दगडांच्या रेषेवर आली आणि पाहते तर टोक शेंदराच्या ठिपक्यावर. मकरेचा दगड! ओळीत विंचवाच्या पुढचा दगड तोच होता. मला वाटलं, पुढचा दगड म्हणजे पुढचा सण. यंदा लवकर आला, इतकंच; मध्ये धनेची संक्रांत यायची राहिली हे माझ्या ध्यानातच आलं नाही. क्षणभर शंका आली होती, खोटं कशाला बोलू, कारण धान अजून खळ्यावर होतं आणि संक्रांतीला ते कणगीत असतं. पण सावली कधी चुकत नाही हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. आणि बाबूजींचं काम आपल्या हातून नीट होतंय याचा मला इतका आनंद झाला की मी आत पळाले, पाच दाणे आणले, टोकावर ठेवले आणि त्यांच्यासारखीच ओरडले, "लागली! बाबूजी, मकरेले लागली! संकरात आली!"

आतून बाबूजींचा आवाज आला. म्हणाले, "मधोमध लागली?"

"हो, बरोब्बर मधोमध. दाणे ठेवले मी."

"चांगलं झालं, बाई," ते म्हणाले. "माझं घोंगडं खाली टाक. दारापाशी, उन्हात."

मी टाकलं. माझ्या ह्या हातांनी टाकलं, सुरकुत्या काढून, कोपरे ओढून. कित्येक दिवस ज्यांना उठून बसता येत नव्हतं ते बाबूजी खाटेचा माचवा धरून आपले आपण खाली उतरले आणि उत्तरेला डोकं करून पडले. मला वाटलं, सणाच्या नुसत्या नावानं बरं वाटायला लागलं. पेजेची वाटी त्यांनी हातानं दूर सारली, औषधाची बाटली मला ठेवून द्यायला सांगितली. मी ठेवली. घरात तीळ नव्हते, आणि तिळाशिवाय कसली संक्रांत, म्हणून मी वाटी घेऊन रामटेके गुरुजींच्या घरी धावत गेले.

रामटेके गुरुजी आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. बौद्ध वस्तीत विहाराला लागून त्यांचं घर, आणि गावात हातावर घड्याळ असलेल्या तीन माणसांतले ते एक. बाबूजींची आणि त्यांची रस्त्यात भेट झाली की दोघं अदबीनं बोलायचे, पण अंगणात बसून चहा प्यायची वेळ कधी आली नव्हती. ती का आली नव्हती, हे तेव्हा मी विचारलं नाही आणि गावात कुणी सांगितलंही नसतं. मावशी, म्हणजे गुरुजींची बायको, माझी वाटी पाहून हसत सुटली. "अवो पोरी, अगहन महिना लागून राहिला आत्ता. संकरातीले दीड महिना हाय!" मी म्हटलं, नाही, आज लागली, मी स्वतः पाहिली, बाबूजी तर उठून खालीसुद्धा उतरले. गुरुजी जेवत होते. त्यांचा घास हातात राहिला.

"खाली उतरले म्हणजे?"

"जमिनीवर निजले, घोंगड्यावर. पेज नोको म्हणले."

गुरुजी ताटावरून तसेच उठले. आमच्या आज्याचं मरण गावात सगळ्यांना माहीत होतं, मला मात्र अजून काही उमगलं नव्हतं. त्यांनी एका पोराला बांधीत मायकडे पिटाळलं आणि माझं मनगट धरून इतक्या भराभर निघाले की माझी वाटी वाटेतच कुठेतरी पडली.

आम्ही पोचलो आणि मागोमाग माय आली, हातात विळा, पदर खोचलेला. तिनं दारातलं घोंगडं पाहिलं. विळा पायाशी पडला. मग ती माझ्याकडे वळली आणि तिनं विचारलं, "काय सांगतलंस तू यायले?" मी सांगितलं. तिनं माझ्या कानशिलात लगावली. जन्मात तिनं मला मारलेली ती एकच थप्पड. आणि तिथेच, गुरुजींसमोर, रडत रडत तिनं ती बोली सांगून टाकली.  मी भिंत धरली. मला वाटत होतं मी सणाची वर्दी दिली, आणि मी बापाला मरायला मोकळं केलं होतं. आज इतकी वर्षं झाली, कुठे कुणी मोठ्यानं "लागली" म्हटलं, बस लागली म्हणा की भूक लागली म्हणा, माझी नजर आधी खाली, सावलीकडे जाते.

गुरुजी उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले. "भाऊ," ते म्हणाले, "आज मकर नाही. दीड महिना बाकी हाय."

बाबूजींनी डोळे उघडले नाहीत. "कागद दाखवू नोका, गुरुजी. कागदावर कोणीबी कायबी छापते. सावली कोण छापन?"

"कागद आणलाच नाही मी. तुमच्याच सावलीचं सांगून राहिलो. ती जाताना बी दगडाले लागते अना येताना बी लागते. लागते का नाही?"

 मी हादरले. इतकी वर्षं मी ते दगड पाहत होते, पण उत्तरेला गेलेली सावली परत येते तर तिला त्याच दगडांवरून यावं लागणार, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधीच शिरली नव्हती. मकरेचा सण फक्त येतीचा, म्हणजे परत फिरलेल्या सावलीचा होता. मी जातीला ओरडले होते.

"पोरीनं दाणे ठेवले हाय," गुरुजी पुढे म्हणाले. "उद्या दुपारी पाहा. सावली दाण्याच्या अल्याड राहिली त तुमचा देव परत फिरला, मग मी एक शब्द बोलणार नाही. दाण्याच्या पल्याड गेली त तो अजून दक्षिणेलेच जाऊन राहिला. मग तुमची बोली अजून लागू नाही."

बाबूजी म्हणाले, "उद्या पाहू."

"अना तोवर पेज?" मायनं विचारलं.

"उद्या पाहू."

पाणीसुद्धा नाही. ते चोवीस तास कसे गेले ते मी सांगू शकत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. माय त्यांचे ओठ ओल्या फडक्यानं पुसायची, तेवढं त्यांनी करू दिलं. मी दाण्यांपाशी बसून होते, कारण कोंबड्या! पाच दाणे कोंबडीनं टिपले तर बापाचा पुरावा गेला. सकाळी बोडीवरून धुकं आलं आणि दहा वाजेपर्यंत ऊनच पडेना, तेव्हा मी रडायचंही विसरले.

दुपारी ऊन पडलं. गुरुजी आले, त्यांचा भाऊ आला. बाबूजींना खाटेवर घेऊन चौघांनी खाट अंगणात आणली, पायाशी माय आणि मी, डोक्याकडून गुरुजी आणि त्यांचा भाऊ. गुरुजींचा पाय आमच्या अंगणात पडला तो त्या दोन दिवसांत पहिल्यांदा. खाट रेषेच्या कडेला ठेवली. सावली सरकत सरकत रेषेवर आली.  टोक दाण्यांवरून गेलं आणि बोटभर पलीकडे जाऊन टेकलं. एकच बोट. मी माझं बोट मध्ये आडवं ठेवून पाहिलं, बरोबर बसलं.

बाबूजी कुशीवर होऊन त्या बोटाकडे पाहत राहिले. ताप उतरल्यावर माणसाची नजर जशी जागेवर येते तशी त्यांची नजर आली. "जाती हाय," ते हळूच म्हणाले. मग मायकडे न पाहता म्हणाले, "पेज आण."

इथे गोष्ट संपली असती तर मी हे प्रकरण लिहायला घेतलंच नसतं. बाबूजी बरे झाले. पंधरा दिवसांत काठी टेकत गोठ्यापर्यंत गेले, महिन्याभरात खळ्यावर. गालांत मांस भरलं. आयते मागून मागून खाऊ लागले. आणि सावली धनेच्या दगडापर्यंत गेली, दोन बोटं त्याच्याही पुढे गेली, तीन-चार दिवस तिथेच घुटमळली आणि परत फिरली. आता ती येती होती. बोली लागू होती. घरात कुणी त्याविषयी अवाक्षर काढत नव्हतं, पण एक दिवस बाबूजींनी मला बियाण्याच्या कणग्या दाखवल्या, कुठल्या बांधीला कुठलं बी ते सांगितलं, आणि पुढच्या वर्षी खांबाला डांबर लावायची आठवण ठेव म्हणाले. मी ऐकून घेतलं आणि गोठ्यामागे जाऊन ओकले. रोज दुपारी मी सावलीला हात जोडायचे, येऊ नको, येऊ नको. एकदा घरात कुणी नसताना मी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन मकरेचा दगड उपटायला गेले. आज्यानं तो कमरेइतका खोल गाडला होता. हलला नाही.

मायचं मला काही कळेना. ती कांडत होती, दळत होती, तीळ भाजत होती. बाबूजी बोलले तर उत्तर द्यायची. मला तिचा इतका राग आला होता की काय सांगू. मला वाटायचं, हिनं मनानं सोडून दिलं.

त्या दिवशी बाबूजींनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि दगडापासून हातभर अंतरावर घोंगडं टाकून उत्तरेला तोंड करून बसले. धडधाकट माणूस. त्यांच्या मनात काय होतं, त्या दुपारपासून अन्नपाणी सोडणार होते की देव तिथल्या तिथे नेईल अशी श्रद्धा होती, मी पुढे कधी विचारलं नाही. माझी छाती नव्हती. गुरुजी आले होते, पण दाराशीच उभे राहिले. सावली रेषेकडे सरकत होती. टोक दगडापासून वीतभर राहिलं असेल, आणि माय स्वयंपाकघरातून आली. हातात आयत्यांचं ताट. चालत चालत दगडांच्या रेषेपर्यंत आली, लुगडं किंचित वर धरलं आणि मकरेच्या दगडावर मांडी घालून बसली.

शेंदूर लावलेल्या दगडावर! ज्या रेषेवरून आम्ही पाऊल टाकत नव्हतो त्या रेषेत, आज्याच्या दगडावर, माय बसली होती.  मला खरंच वाटलं की आता आभाळातून काहीतरी पडेल. बाबूजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"ऊठ," ते म्हणाले. "काय करून राहिली तू? सावली लागून राहिली."

"लागू द्या."

"देवाचा दगड हाय तो!"

"माहीत हाय मले. अठरा वर्सं सारवते मी त्याच्या भवताल." तिनं ताट मांडीवरून बाजूला ठेवलं आणि मोकळ्या मांडीकडे बोट दाखवलं. सावलीचं टोक तिच्या मांडीवर येऊन टेकलं होतं. "पाहा. लागली त मले लागली. दगडाले कोठी लागली?"

"बोली देवाशी हाय माझी."

"तुमची बोली दगडाची हाय. दगडाले लागली का जाईन, असं बोलले तुमी. मी नाही उठत. देवाले न्यायचं असन त मले पहिले उठवन."

तिनं एकदा वर आभाळाकडे पाहिलं. तीसुद्धा तोच नेम पाळून जगलेली बाई होती, तिलाही आभाळाची भीती होतीच. सावली तिच्या मांडीवरून सरकत गुडघ्यावर गेली, गुडघ्यावरून घसरली आणि रेषा सोडून पूर्वेला निघाली. माध्यान्ह टळला. दगडाला काही लागलं नव्हतं.  बाबूजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, आणि रडतच होते. मायनं ताट पुढे सरकवलं. आयते गार झाले होते. त्यांनी ते खाल्ले.

त्यानंतर दर मकरसंक्रांतीला माय त्या दगडावर बसली. पहिल्या वर्षी भांडायच्या तयारीनं, दुसऱ्या वर्षी मुकाट्यानं, मग सवयीनं. लुगड्याला शेंदराचा डाग पडायचा, तो ती मुद्दाम धूत नसे. गावातल्या नव्या सुना विचारायच्या की हे कुठलं व्रत, आणि माय सांगायची, आमच्या घरचं आहे. बाबूजी हातभर अंतरावर घोंगड्यावर, गुरुजी हयात होते तोवर दाराशेजारी खाटेवर, हातात चहाची कपबशी. बाकीच्या अकरा संक्रांती पूर्वीसारख्याच, दाणे आणि "लागली"सकट. ह्या एका दिवशी मात्र आमच्या घरी कुणी ओरडत नसे.

गेल्या पावसाळ्यात माय गेली. साधीच गेली, दुपारची झोपली ती उठली नाही. आषाढ होता, दक्षिणायन लागलं होतं, आणि बाबूजींनी त्याचं नावही काढलं नाही. मी नागपूरला त्यांना न्यायला पाहिलं, आले नाहीत. पंच्याऐंशी ओलांडलेला माणूस, एकटा, त्या खांबापाशी. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि माझ्या डोक्यात एकच विचार घर करून बसला. मुलगा म्हणाला, आई, तू शिकलेली बाई. मी म्हटलं, तू गप बस. संक्रांतीच्या दिवशी पहाटेची बस धरली, मोहाडीला उतरले, ऑटोवाल्याला सारखी घाई करत राहिले. दगडावर मीच बसणार होते. माझे गुडघे आता मांडी घालू देत नाहीत, पण बसणार होते, पाय पसरून का होईना. करडीच्या वाटेवर धानाचे ट्रॅक्टर अडकले आणि मला वाटलं, संपलं.

अंगणाचं फाटक उघडून आत आले तेव्हा सावली रेषेवरच होती. घोंगडं रिकामं होतं.  मग दिसलं. बाबूजी मकरेच्या दगडावर बसले होते. पाय पुढे सोडलेले, दोन्ही हातांनी काठी धरलेली, खांद्यावर मायची चौकटीची शाल. खांबाच्या सावलीचं टोक त्यांच्या मांडीवर पडलं होतं आणि ते त्याच्याकडे असे टक लावून पाहत होते की मी आल्याचंही त्यांना कळलं नाही.

"बाबूजी," मी म्हटलं.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "थांब. जाऊ दे तिले आधी."

मी थांबले. सावली मांडीवरून गुडघ्यावर गेली, गुडघ्यावरून खाली उतरली आणि रेषा सोडून निघून गेली. मग त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि हात माझ्याकडे केला.

"उठव आता मले," ते म्हणाले. "भूक लागली हाय."